बिनअंगरख्याचा रिले

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. रिले म्हणजे काय हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. ज्या गाडीत मी सारा जन्म काढला तिच्या मालकिणीलाही पंचवीस वर्षे ते ठाऊक नव्हते. काड्यापेटीहून थोडा उंच, खाली चकाकते पाय, अंगात ॲल्युमिनियमचा अंगरखा आणि डोक्यावर लाल फ्यूजची टोपी, असे माझे रूप. बॅटरीकडून वीज निघाली की ती आधी माझ्या दाराशी येते. अंगात आल्यासारखी उसळलेली असेल तर मी तिला अडवतो, शांत असेल तर इंजिनाच्या मेंदूकडे जाऊ देतो. थोडक्यात पहारेकऱ्याची नोकरी. पहारेकऱ्याला कोणी जेवायचे विचारत नाही, पण त्याला डुलकी लागली की सगळे घर त्याच्या नावाने खडे फोडते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक तांब्याच्या तारेचे रीळ आहे आणि बोटभर लांबीची पट्टी आहे. त्या पट्टीवर कथलाचे डाग देऊन सगळे अवयव जोडले आहेत. ते डाग जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईने दिले. तिने दिवा लावून मला पाहिले, मान हलवली आणि पुढच्याला उचलले. पहिले कौतुक ते एवढेच. मग मी एका पांढऱ्या गाडीत बसलो. जॉर्डनमधल्या करक गावचे अबू आतिफ नावाचे गृहस्थ ती गाडी विकत घेऊन, स्वतः चालवत, तुर्कस्तान आणि सीरिया ओलांडून घरी आले.

अबू आतिफची बायको फिद्दा सुईण होती. सरकारी शिक्का असलेली, सुया-धाग्यांची पेटी बाळगणारी, शिकलेली सुईण. गाव तिला उम्म आतिफ, म्हणजे आतिफची आई, म्हणे. आधी नवरा तिला डोंगरावरच्या वस्त्यांवर नेई. तो गेल्यावर ती स्वतः गाडी चालवायला शिकली. तिच्या हातून जन्मलेली कितीतरी पोरे आता मिशा फुटून स्वतःच्या गाड्या हाकतात आणि रस्त्यात ती दिसली की हॉर्न वाजवतात. या सगळ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्या जातीत हेच मोठे शिफारसपत्र समजतात.

मग माझ्या पोटातल्या एका डागाला भेग पडली. केसाएवढीच, पण गोल, पायाभोवती फिरलेली. मी तापलो की ती उघडायची आणि थंड झालो की मिटायची. चढावर गाडी अचानक मरे, आणि फिद्दा दगडावर बसून घामाघूम होत अर्धा तास थांबली की पुन्हा सुरू होई. एकाने पंप बदलला. दुसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. शेजारणीने नजर लागल्याचे निदान करून आरशाला निळा मणी बांधला, आणि खरोखर आठ दिवस गाडी नीट चालली, कारण ते आठ दिवस कडाक्याच्या थंडीचे होते! जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा प्रकार. दोष माझा होता हे मला कळत होते. ते सांगायला तोंड नव्हते.

शेवटी ती करकच्या पायथ्याशी, गॅरेजांच्या गल्लीत, अबू मित्रीकडे गेली. अबू मित्री म्हणजे ओदे नावाचे म्हातारे गाडी-वीजतंत्री. बायको वारलेली, एकुलता मुलगा मित्री कुवेतला. दुकानात भिंतीवर संत जिरयिसची तसबीर, कोपऱ्यात चहाची शेगडी आणि चारी बाजूंना तारा. त्यांनी गाडी चढावर पिटाळली, तापवली आणि पेचकसाच्या मुठीने एकेका भागावर टकटक केले. माझ्यावर टकटक होताच इंजिन थरथरले.

“सापडला चोर!” अबू मित्री म्हणाले.

“फेकू नका हं!” फिद्दा म्हणाली. “त्यांनी आणलेल्या गाडीतला आहे तो. बाजारातला नवा नकली मला नको. भंगारातला चालेल, पण अस्सल पाहिजे.”

“नवा हवाय कुणाला, उम्म आतिफ? हाच जिवंत करून देतो. हा मरत नाही, नुसता रुसतो. दोन दिवस द्या.”

करकमध्ये अस्सल या शब्दाला फार वजन. नव्या करकरीत नकली वस्तूपेक्षा भंगारातली जुनी अस्सल वस्तू लोक मानाने नेतात. आणि दुसरी रीत अशी, की तंत्र्याने एखादा भाग बदलला तर जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. मेलेला भाग हातात पडला नाही तर बदललाच नाही असे धरतात. करकच्या घराघरांत कपाटांवर असे मेलेले भाग ठेवलेले आढळतील. कोणी त्यांना फेकत नाही आणि कोणी त्यांच्याकडे बघतही नाही.

अबू मित्रींनी माझा अंगरखा अलगद उतरवला आणि भिंगाखाली मला धरले. तेव्हा मला कळले की त्यांना दिसत नाही. अगदीच नाही असे नव्हे. माणूस दिसे, दार दिसे, पण केसाएवढी भेग दिसणे संपले होते. ते मला नाकाशी नेत, लांब धरत, दिव्याखाली फिरवत. भेग डाव्या बाजूच्या तिसऱ्या डागाला होती, आणि ते जीव तोडून उजवीकडे डाग देत होते. डाग द्यायची तापलेली सोल्डरगन दोनदा त्यांच्याच बोटाला लागली. मग त्यांनी मला बॅटरीला जोडून पाहिले, दिवा लागला, कारण मी थंड होतो आणि थंड असताना मी नेहमीच शहाण्यासारखा वागतो. त्यांनी मला गाडीत बसवून दिले. संध्याकाळच्या आत फिद्दाची गाडी दोरीने ओढत परत आणावी लागली.

“घाई केली मी,” अबू मित्री म्हणाले. “उद्या या.”

दुसऱ्या दिवशीही तेच झाले. त्या शुक्रवारी मित्रीचा फोन आला. “बाबा, डोळे तपासून घेतलेत ना?” तो विचारत होता. “गरुडाचे आहेत, गरुडाचे!” असे म्हणून म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि बराच वेळ बोटाला फुंकर घालत बसला. डोळे गेले हे कळले असते तर मित्रीने दुकानाला कुलूप लावून त्याला कुवेतच्या सहाव्या मजल्यावर नेऊन बसवले असते. ही भीती म्हाताऱ्याच्या मनात घर करून होती. मी त्याच्या तळहातावर होतो, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाजारातून एक नकली रिले घेऊन आला. नकलीने माझेच माप चोरलेले, त्यामुळे आकार तोच. म्हाताऱ्याने पकडीने त्याचा पातळ पत्रा सोलून काढला आणि माझा अंगरखा त्याच्या अंगात चढवला. वर माझी लाल टोपी बसवली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! फिद्दा आली तेव्हा तो तिच्या हातावर तिचा “दुरुस्त झालेला” रिले ठेवून म्हणाला, “घ्या. तुमचाच आहे.” बदललेच काही नाही म्हटल्यावर जुना भाग परत द्यायचा प्रश्नच उरला नाही. तिने अंगरख्यावरचा, या दोन दिवसांत ओळखीचा झालेला ओरखडा पाहिला आणि हसली.

मी उघडाच राहिलो. म्हाताऱ्याने मला फेकले नाही. चहात घालायच्या सेजच्या पानांच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि डबा टेबलाच्या खणात लोटला.

मित्रांनो, तुम्हाला खण म्हणजे काय ते सांगतो. तिथे सकाळ नाही आणि चढही नाही. माझ्याबरोबर एक बंद पडलेले घड्याळ होते आणि वायपरचा एक म्हातारा टायमर होता; दोघेही बोलत नसत. पंचवीस वर्षे माझ्यातून वीज गेली होती. ती येत होती तोवर मला तिची किंमत नव्हती. आता अंगात कोरडेपणा भरला. रस्त्यावरून पांढऱ्या गाडीचा आवाज गेला की मला तो ओळखू येई, आणि तिच्यात माझ्या जागी माझेच कपडे घालून दुसरा कोणी बसला आहे हे आठवून जीव जळे. मी त्याचे नाव नकल्या ठेवले होते. मनातल्या मनात मी त्याला नाही नाही ते बोललो आहे.

इकडे फिद्दा ज्या घरी बाळंतपणाला जाई तिथे अबू मित्रींचे गुणगान करी. शेजारचा पंक्चरवाला नवाफ तिखटमीठ लावून ते दुकानात आणून ओती.

“काका, आज पुन्हा तुमची आरती झाली! उम्म आतिफ म्हणाल्या, अल्लाशपथ सांगते, तोच अस्सल भाग, अबू मित्रींनी हाताने जिवंत केला. आता सगळा गाव जुनी मढी घेऊन तुमच्याकडे येणार बघा.”

“येऊ देत,” अबू मित्री म्हणत.

आणि लोक खरोखर आले. कोणी पिशवीत मीटर आणले, कोणी रुमालात बांधून काचा वरखाली करायचे बटण आणले, कोणी कपाटावरून काढून धूळ पुसून आजोबांच्या गाडीचा रेडिओ आणला. त्यांना नाही म्हणायचे म्हणजे कारण सांगायचे. म्हणून म्हातारा प्रत्येकाला “ठेवून जा, बघतो” म्हणे. प्रत्येक भागाला नावाची चिठ्ठी बांधून तो फळीवर ठेवी. फळी भरली. तो दुपारी दार लोटून एकेक भाग हातात घेई, भिंगाखाली धरी आणि परत जागेवर ठेवी. शेवटी खण उघडून मला काढी. मला काही दुरुस्त करायचे नसे. नुसता तळहातावर ठेवून बसे. कोणाशी बोलावे असे त्याला माणूस नव्हते आणि मला तोंड नव्हते. तीन महिने तो रविवारी चर्चला गेला नाही.

उन्हाळा वर चढला. जुलैतल्या एका सकाळी पांढरी गाडी दारात थांबली.

“अबू मित्री, बसायला वेळ नाही,” फिद्दा उभ्यानेच म्हणाली. “खाली घोरला चाललेय. बहिणीच्या मुलीचे दिवस भरलेत, दाई कुणी नाही तिथं. आता पाणी आणि तेल तेवढं बघून द्या.”

घोर म्हणजे मृत समुद्राकाठचा खोल पट्टा. जुलैत तिथे दगडसुद्धा तापून फुटतील. करकहून खाली उतरण, आणि येताना तासभर चढ. नकली रिले त्या उकाड्यात टिकत नाहीत हे गल्लीतले पोरही सांगेल. खणात मला ते कळले, आणि बाहेर अबू मित्रींनाही कळले असावे, कारण त्यांनी चहाचा भरला पेला बाजूला ठेवला.

“बसनं जा ना,” ते म्हणाले.

“का? गाडीला काय झालं?”

“काही नाही झालं.”

“मग बसनं कशाला? पेटी आहे, सामान आहे, पोरगी वेदनेनं तडफडत असेल तर बसची वाट बघत बसू?”

“उम्म आतिफ, नका जाऊ त्या गाडीनं.”

“काय झालंय ते सांगाल की नाही?”

खण उघडला. डब्याचे झाकण निघाले. उजेडाने मी दिपून गेलो. म्हाताऱ्याने मला उचलून तिच्या तळहातावर ठेवले, उघडाबोडका.

“तुमचा रिले हा आहे,” तो म्हणाला. “गाडीत आहे तो नकली. अंगरखा तेवढा याचा. मला भेग दिसली नाही. मला आता काहीच दिसत नाही बारीक.”

फिद्दाने मला उलटसुलट करून पाहिले. मग तिचा चेहरा लाल झाला.

“मी लोकांच्या घरात, बाळंतिणीच्या उशाशी, अल्लाची शपथ घेऊन सांगितलं!”

“माहीत आहे मला.”

“माहीत होतं आणि तू गप्प बसलास? तीन महिने? माझ्या तोंडून खोटी शपथ वदवलीस तू!”

तीस वर्षांत तिने त्यांना कधी अरे-तुरे केले नव्हते. शेजारी नवाफची हातोडी थांबली होती. तिने मला टेबलावर ठेवले आणि ती दारापर्यंत गेली. मला वाटले, संपले. पण ती गाडीत बसली नाही. बॉनेट उघडून तिने नकल्याला उपटून आणले.

“हा तिथं बंद पडला असता हे कशावरून?”

“तापवून बघावं लागेल,” अबू मित्री म्हणाले. “थंड असताना सगळेच बरे असतात. माझी चूक तीच झाली, डाग दिल्यावर मी तुमच्या रिलेला कधी तापवून पाहिलंच नाही.”

त्यांनी शेगडीवर कॉफी भाजायचा लांब दांड्याचा तवा ठेवला, नकल्याला तारांनी बॅटरीला आणि दिव्याला जोडले आणि तव्याच्या कडेशी धरले. दिवा लागलेला होता. फिद्दा घड्याळात बघत होती. हळूहळू अंगरखा हात लावता येणार नाही इतका तापला, आणि टक् असा आवाज होऊन दिवा गेला.

मी आनंदायला हवे होते. माझा चोर पकडला गेला होता. पण तो टक् आवाज मला ओळखीचा होता. मीही असाच चढावर विझत असे, आणि विझताना मला कोणाचेही वाईट करायचे नसे.

फिद्दा स्टुलावर बसली.

“मित्रीला माहीत आहे का?” तिने विचारले.

“नाही. त्याला कळलं तर हे दुकान गेलं. हे गेलं तर मी सकाळी उठून कुठं जाऊ, उम्म आतिफ?”

तिने गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवला, भिंग ओढून घेतले आणि मला त्याखाली धरले. त्या बाईने आयुष्यभर फाटलेल्या जागी केसासारख्या दोऱ्याने टाके घातले होते. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

“कुठं बघू?” ती कोरडेपणाने म्हणाली.

“एकेक डाग बघा. डागाभोवती काळी रेघ असेल. पूर्ण गोल.”

“ही आहे. डावीकडून तिसरा.”

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. “मी उजवीकडे शोधत होतो,” तो हळूच म्हणाला. मग म्हणाला, “आधी जुनं कथील काढा. गन नुसती कथलाला लावू नका, पाय तापवा. पाय तापला की कथील आपणहून धावतं. तीन म्हणेपर्यंत धरा आणि सोडा. फुंकर मारू नका.”

“बाळंतपणं करते मी, फुंकर कधी मारायची ते मला शिकवू नका,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात ‘तुम्ही’ परत आले होते, पण आवाजातला राग तसाच होता.

सोल्डरगन माझ्या पायाला टेकली. कथील वितळले, धावले, चकाकले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या जाड भिंगाच्या बाईनंतर इतके मन लावून मला कोणी पाहिले नव्हते. मग मलाही तव्याच्या कडेशी धरले. मी तापलो, खूप तापलो, आणि दिवा जळत राहिला. अबू मित्रींना दिवा दिसत होता. तेवढा मोठा उजेड त्यांना दिसे. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

अंगरखा गार झाल्यावर नकल्याच्या अंगातून काढून मला चढवला गेला. टेबलावर तो आता उघडा पडला होता.

“हा टाका कचऱ्यात,” अबू मित्री म्हणाले.

“का?” फिद्दा म्हणाली. “तीन महिने मला याच्याच जिवावर फिरवलंत ना? एकदाही बंद नाही पडला तो. त्यानं खोटं सांगितलं नाही, सांगितलं ते आपण. ठेवा त्याला. त्यालाही कुठं भेगच पडली असेल.”

म्हाताऱ्याने त्याला उचलले आणि सेजच्या डब्यात ठेवले, मी होतो त्याच जागी. झाकण बसताना मी ते पाहिले. मग फिद्दा मला घेऊन बाहेर गेली. तिने चहा घेतला नाही.

त्या दिवशी घोरमध्ये मुलगी झाली, आणि येताना तासभराच्या चढावर मी एकदाही डोळा मिटला नाही. त्यालाही आता बरेच दिवस झाले. गाडीत बसलेल्या बायका विचारतात, “तोच ना अबू मित्रींनी जिवंत केलेला?” तर फिद्दा आता शपथ घेत नाही. “त्यांनी सांगितलं, टाके मी घातले,” म्हणते. बायकांना ती थट्टा वाटते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांविषयी ती कोणापाशी बोलत नाही. पण गॅरेजांच्या गल्लीच्या तोंडाशी आली की गाडी हळू होते आणि मग पुन्हा वेग घेते. अजून ती एकदाही थांबलेली नाही. खोट्या शपथेची जखम टाके घालून लवकर भरत नसावी.

मला पुन्हा वीज मिळाली, काम मिळाले, माझा अंगरखा मिळाला. तरी चढावर तापू लागलो की मला डब्यातल्या त्या नकल्याची आठवण येते. मी त्याला जे जे बोललो ते परत घ्यायला मला कोणी तिथे नेणार नाही. तिथे सकाळ नाही, हे मला ठाऊक आहे. घड्याळ आणि टायमर त्याच्याशी बोलणार नाहीत, हेही ठाऊक आहे. फळीवर ते चिठ्ठ्या बांधलेले भाग अजून वाट बघत असतील, आणि दुपारी दार लोटून म्हातारा त्यांना एकेक करून हातात घेत असेल.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरी काही बंद पडले तर टाकण्याआधी एकदा ते उघडून बघा, आणि थंड असताना बघून समाधान मानू नका. आणि कधी करकला गेलात तर अबू मित्रींकडे जा. त्यांना म्हणा, डबा काढा. काय बघायचे हे त्या म्हाताऱ्याला अजून पक्के ठाऊक आहे. बघणारे कोणीतरी त्याच्याजवळ बसायला हवे.